लांब ठेवलेली बादली

मंगळवार, ५ मार्च

बोलणं हे माझं काम. गावात पाहुणे आले की खांद्यावर चवरी टाकून, काठी टेकून गावाच्या वतीने मी बोलतो. पण आज जे झालं ते कुणाला बोलून दाखवता येणार नाही, म्हणून लिहितोय. वही नातीची आहे, अर्धी कोरी. मासिनाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी भाषणाची तयारी करतोय असं वाटतंय. वाटू दे.

सकाळी गावसभा होती. सगळे मुखिया आपापल्या खांबाला पाठ लावून मांडी घालून बसलो. मुळं कुटून केलेल्या आवा पेयाची करवंटी फिरली, कुणाची डुकरं कुणाच्या अळूत शिरली त्याचा निवाडा झाला, आणि मग थोरल्या मुखियांनी जाहीर केलं की नव्या चर्चचं उद्घाटन मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. साऱ्या सवाइई बेटावरून माणसं येणार. स्वागताचं भाषण पटांगणात, उन्हात, अनवाणी, उभं राहून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

सभा उठली आणि मी उठलो नाही. उठवेचना. गुडघे मांडीतच गोठून बसले होते. मग मी छताकडे बघत राहिलो, काथ्याच्या बांधणीचं कौतुक करत असल्यासारखा. धाकटा वक्ता वाइफाले दारात थांबून म्हणाला, "काय माउलोलो, छत शाकारायचंय का?" म्हटलं, "हो, गळतंय वाटतं." सगळे गेल्यावर खांबाला मिठी मारून, लहान मूल उभं राहतं तसा उभा राहिलो. घामाने लुंगी भिजली होती.

मला माझ्या वडिलांची आठवण येते. तेही वक्ते होते. असेच एक दिवस बसले ते बसलेच. पुढची सात वर्षं त्यांना चटईत घालून उचलून न्यावं लागे, परसाकडेसुद्धा. पाय शेवटपर्यंत सरळ झाले नाहीत. मला त्यांचा आवाज मिळाला, माउलोलो ही वक्त्याची पदवी मिळाली, आणि आता हेही मिळतंय. मी भयंकर घाबरलोय.

सोमवार, ११ मार्च

जिल्ह्याच्या इस्पितळात महिन्यातून एकदा राजधानीहून, आपियाहून, फिजिओ येते. लुसिया नाव. माझ्या धाकट्या मुलीएवढी. तिने गुडघे दाबले, वाकवले, एक्स-रेचा फोटो उजेडात धरला.

"माउलोलो, हा झिजेचा संधिवात. दोन्ही गुडघ्यांत आहे, उजव्यात जास्त."

"कापणार?" मी विचारलं. ऑकलंडला गुडघा बदलायला गेलेला माझा चुलतभाऊ पेटीतून परत आला. त्याचं हृदय आधीपासूनच खराब होतं म्हणतात, पण गेला होता गुडघ्यासाठीच.

"आत्ता नाही. आत्ता व्यायाम."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "अगं, झिजलेली वस्तू आणखी घासायची? कुऱ्हाड रोज दगडावर घासली तर काय उरेल? दांडा!"

ती हसली. "गुडघा म्हणजे कुऱ्हाड नाही. त्याला भोवतालचे स्नायू धरून ठेवतात, आणि तुमचे झोपलेत. त्यांना उठवा, गुडघ्यावरचा भार हलका होईल. झीज भरून येणार नाही, पण तुम्ही चालाल. थोडं दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर घाबरायचं नाही. आणि खारवलेलं मांस कमी करा, पोट उतरू दे." मग तिने विचारलं, "घरी काय काय काम करता?"

"मी?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्या घरी मला इकडची काडी तिकडे करावी लागत नाही. हाक मारली की पाणी येतं, कोको येतो, ताट येतं, हात धुवायचं भांडंसुद्धा समोर येतं."

ती माझ्याकडे न बघता मासिनाकडे बघत राहिली.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. मासिना आत बराच वेळ होती. बायकांची ओळख नसली तरी गप्पा संपत नाहीत. परतताना बसमध्ये मात्र ती अगदी गप्प होती.

गुरुवार, १४ मार्च

केळीच्या बागेत, कुणी बघत नाही अशा जागी एक दगड आहे. त्यावर बसायचं, हात न लावता उठायचं, परत बसायचं. मग झाडाला धरून अर्धवट वाकायचं. आज केलं. गुडघ्यात सुक्या फांद्या मोडल्यासारखा आवाज आला. मी तिथेच थांबलो. आत काहीतरी मोडलं असेल तर? लुसियाने सांगितलं होतं की आवाज होतो, नुसत्या आवाजाला भिऊ नका. भिऊ नका म्हणायला तिचं काय जातंय, गुडघा माझा आहे.

लोक म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही. गुडघ्यात मात्र आता नुसती हाडंच उरलीत.

शनिवार, २३ मार्च

लुसिया म्हणाली होती की पाण्यात चाला, पाणी वजन उचलतं. पण गावचा वक्ता काही कारण नसताना समुद्रात फेऱ्या मारताना दिसला तर लोक पाद्रीबाबांना बोलावतील. म्हणून जाळं घेऊन गेलो. कमरेएवढ्या पाण्यात पलीकडच्या खडकापर्यंत गेलो आणि आलो. पाण्यात खरंच दुखत नाही. बाहेर आलो तर शिंपले वेचणाऱ्या बायका वाटच बघत होत्या.

"माउलोलो, मासे कुठे आहेत?"

"मोठे होते. लाज वाटून पळाले."

येताना दुकानातून बांगड्याचा डबा घेतला. मासिनाने काही न विचारता तो फोडला आणि नारळाच्या दुधात गरम केला. ताट वाढताना तिच्या ओठांचा कोपरा हलला की काय, कोण जाणे.

बुधवार, ३ एप्रिल

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात ते खोटं नाही.

माझ्या खांबापाशी पिण्याच्या पाण्याची बादली असायची, झाकण घातलेली. ती मागच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेली. का, तर म्हणे इथे मुंग्या होतात. कोको आता तिकडेच प्यायला बोलावतात, जोत्याच्या चार पायऱ्या उतरून. आज चष्मा हवा होता. सुनेला हाक मारली, "रुता!" तर ती धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "बाबा, हात ओले आहेत." पूर्वी ही पोरगी माझ्यापुढून जाताना कमरेत वाकून जायची. अजूनही वाकते, पण चष्मा आणत नाही! दिवसभरात किती वेळा उठलो त्याला गणती नाही.

दुपारी कुणाची तरी डुकरीण अळूत शिरली. हाकला म्हणून ओरडलो तर घरात कुणीच नाही. शेवटी मीच काठी उगारून तिच्यामागे थेट ओढ्यापर्यंत गेलो. परत आल्यावर दम लागला होता. माझ्या घरात मला डुकरं हाकायची वेळ आली.

बायकोला म्हातारा नवरा नकोसा झाला असेल का? की सगळ्यांना कळून चुकलंय की मी आता वडिलांसारखा ओझं होणार, आणि आत्तापासूनच हात झटकतायत?

शुक्रवार, १२ एप्रिल

माझी बहीण पेपे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती आज आली ती फणफणतच. बायकांच्या मंडळात काल मासिनाला सगळ्यांसमोर उभं केलं. पदवी असलेल्या नवऱ्याला ती स्वतःचं पाणी स्वतः घ्यायला लावते, सून हाकेला ओ देत नाही, असं आमच्या गावात चालत नाही म्हणाल्या. तिला दोन मोठ्या चटया दंड बसला. वाइफालेची बायको म्हणे सर्वांत मोठ्याने बोलली.

"आणि मासिना काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणणार? चटया देते म्हणाली. मान ताठ, पण उलटून एक शब्द नाही. दादा, तू माझ्याकडे चल. माझ्या घरी तुझा पाय जमिनीला लागू देणार नाही."

मासिना संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर चटई विणायला बसली. मी वाट पाहत होतो की काही बोलेल, चूक कबूल करेल. ती म्हणाली, "पाणी हवं असेल तर बादली भरून ठेवलीय." कुठे ते सांगितलं नाही. मला माहीत आहे कुठे.

सोमवार, १५ एप्रिल

लुसियाने पुन्हा तपासलं. एका पायावर उभं केलं, खुर्चीतून उठवलं-बसवलं. म्हणाली, "छान! महिन्यापूर्वी हात टेकल्याशिवाय उठत नव्हतात." ती सगळ्यांनाच असं म्हणत असेल, बरं वाटावं म्हणून. मला तर अजून दुखतं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी गुडघ्याला हात लावून बघतो, सरळ होतोय ना. होतो. पण उद्याचं काय?

निघताना तिने मासिनाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "सोडू नका हं." काय सोडू नका ते मला कुणी सांगितलं नाही.

सोमवार, २२ एप्रिल

आज तोंड सुटलं. जेवताना मीठ हवं होतं. मासिना माझ्याशेजारी बसलेली, मीठ पलीकडच्या फळीवर. म्हणाली, "तिथेच आहे, घ्या ना."

मी म्हणालो, "माझ्या वडिलांना आम्ही सात वर्षं हाताने भरवलं. शेजारच्या गावचे लोक बघायला यायचे की मुलं असावीत तर अशी! आणि मला? मला मीठही जड झालं?"

ती म्हणाली, "मला आठवतंय. मीही भरवलंय त्यांना."

"मग माझ्यात काय कमी आहे?"

तिचे डोळे भरले. "तुम्हाला चटईतून उचलायचं नाही मला," एवढंच म्हणाली.

ऐकलंत? उचलायचं नाही! सरळ तोंडावर. मी काठी घेतली आणि निघालो. सगळं गाव ओलांडून पेपेच्या घरी रागाच्या भरात कधी पोचलो तेही कळलं नाही.

सोमवार, २९ एप्रिल

पेपेचं घर म्हणजे स्वर्ग. उशी पाठीला, पंखा हातात घेऊन भाची शेजारी. पाणी ओठांशी येतं. भट्टीतला नीरफणस, खारवलेलं मांस, अळूच्या पानातलं नारळाचं दूध, सगळं जागेवर. "दादा, हलू नकोस, आम्ही आहोत ना." केळीच्या बागेत जायला निघालो तर पेपे रडकुंडीला आली. म्हणाली, माझा भाऊ माझ्या घरी राहून वणवण फिरतोय, लोक काय म्हणतील? नाही गेलो. व्यायाम चार दिवस बंद झाला म्हणून काय आभाळ कोसळतंय? उलट गुडघ्यांना विश्रांती मिळतेय. शांत आहेत अगदी.

लोक भेटायला येतात, पेपेची तारीफ करतात. मासिना आली नाही.

मंगळवार, ७ मे

देवा, मला वाचव.

पहाटे उठायला गेलो आणि पाय सरळ होईना. उजवा गुडघा भाकरीसारखा फुगलाय. हात टेकले, खांब धरला, तरी नाही. पेपेने हाका मारल्या, तिचे दोन्ही मुलगे धावत आले. आणि त्यांनी काय आणलं? चटई. एक मोठी चटई माझ्या शेजारी पसरली आणि दोघं दोन्ही टोकांना वाकून उभे राहिले. "मामा, घाबरू नका, आम्ही उचलतो." किती प्रेमाने म्हणाले! आम्हीही असंच म्हणायचो.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. वडील मला त्या चटईत दिसले. सात वर्षं आम्ही त्यांना हलू दिलं नाही. किती जपलं! किती जपलं त्यांना!

उरलेलं उद्या.

बुधवार, ८ मे

कालचं लिहितो. कुणीतरी मासिनाला सांगितलं असावं. ती आली, तिने मुलांना चटई गुंडाळायला लावली. मला वाटलं, आता टोमणा मारेल. तिने गरम पाण्याचं फडकं गुडघ्याला बांधलं आणि माझ्यासमोर खाली बसली.

"टाच जमिनीवरून सरकवा. पुढे. आता मागे. हळूच. दुखेल तिथे थांबा."

"होत नाही."

"होतं. परत."

पेपे ओरडली, "अगं कसाईण आहेस का? दुखतंय त्याला!"

मासिना म्हणाली, "पेपे, तू गरम कोको कर." आणि मला म्हणाली, "परत."

ऊन चढेपर्यंत हे चाललं. मग तिने मला जोत्याच्या कडेवर सरकत आणलं, पाय खाली सोडायला लावले. हात पुढे केला नाही, फक्त काठी दिली. "नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या आणि उठा." लुसियाचे शब्द, जसेच्या तसे. तिसऱ्या खेपेला उठलो. घरापर्यंत चालायला अर्धी सकाळ लागली. वाटेत दारादारांतून लोक बघत होते की पाहा, आजारी नवऱ्याला पायी नेतेय. ती मान खाली न घालता चालत होती.

"तुला हे सगळं कसं माहीत?" मी विचारलं.

"त्या दिवशी शिकवलं तिने मला. तुम्ही बाकावर बसला होता तेव्हा."

पुढे विचारायचं धाडस झालं नाही. बादली अजून मागच्या ओट्यावरच आहे.

रविवार, १९ मे

सूज उतरली. रोज दगड, रोज समुद्र. मांस सोडलं. हे आवडतं म्हणून नव्हे, त्या चटईला भिऊन करतोय. पहाटे डोळे मिटले तरी तिची टोकं धरून वाकलेली दोन माणसं दिसतात.

चर्चनंतर वाइफाले जवळ आला. "तब्येत कशी आहे? शनिवारी ऊन फार असेल हो. मी तयार आहे, संकोच करू नका." माणूस वाईट नाही. त्याचे गुडघे बोकडाचे आहेत, एवढंच.

शुक्रवार, २४ मे

उद्या. भाषण पाठ आहे, वंशावळी पाठ आहेत, फक्त पायांचा भरवसा नाही. सगळ्या बेटासमोर कोसळलो तर काठी वाइफालेकडे जाईल, ती जाऊ दे. पण मग मला उचलायला लागेल. कशात घालून उचलतील ते मला माहीत आहे.

मासिनाला म्हटलं, "वाइफालेला देऊन टाकू का?"

ती भाषणाची लुंगी कोळशाच्या इस्त्रीने कडक करत होती. म्हणाली, "द्यायचं तर द्या. पण उभे राहून द्या."

रविवार, २६ मे

काल पाहुणे पटांगणाच्या पलीकडे छायेत बसले. आम्ही सगळे वक्ते अलीकडे ओळीने उभे राहिलो. भाषण कुणी करायचं यासाठी आधी आपसात गोड भांडायचं, अशी रीत. मी माझा मान मागतो, दुसरा त्याचा मागतो, सगळं गाव ऐकतं. आणि हे सगळं उभ्याउभ्याच. एकेक वक्ता मागे सरला. मी आणि वाइफाले उरलो.

वाइफाले मोठ्या अदबीने म्हणाला, "माउलोलो, तुमच्या पदवीपुढे मी धूळ. पण तुमच्या कष्टांची मला दया येते. साऱ्या गावाला ठाऊक आहे की तुमच्या घरी तुम्हाला घोटभर पाणीही कुणी आणून देत नाही. घरात ज्याला सावली नाही त्याला आम्ही उन्हात कसं उभं करावं? बसा. मी बोलतो."

लोक खुसखुसले. बायकांच्या बाजूला मासिना बसली होती. तिने मान खाली घातली. दंडाच्या दिवशी घातली नव्हती म्हणतात. काल घातली.

गुडघे लटपटत होते. बसा म्हटलं तेव्हा खरं सांगतो, बसावंसं वाटलं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं. बादली, चष्मा, मीठ, ओले हात. "सोडू नका हं." दोन मोठ्या चटया, ज्या तिने महिनाभर वाकून विणल्या आणि एक शब्द बोलली नाही. मी किती मूर्ख!

जे बोललो ते ठरवलेलं नव्हतं. "वाइफाले, तू खरं बोललास. माझ्या वडिलांना आम्ही सगळं हातात दिलं, आणि ते सात वर्षं उठले नाहीत. माझी बायको मला काही हातात देत नाही. माझी पाण्याची बादली ती लांब ठेवते. त्यासाठी तिने गावाची बोलणी खाल्ली, दंड भरला. म्हणून मी आज तुझ्यासमोर उभा आहे. आता तू बस."

कुणी खुसखुसलं नाही. वाइफाले वाकला आणि मागे सरला.

भाषण केलं. किती वेळ ते आठवत नाही. उजवा पाय मध्येच थरथरू लागला, तेव्हा लुसियाने सांगितल्यासारखं वजन डाव्यावर नेलं, काठीवर नेलं, परत आणलं. लोकांना वाटलं असेल, वक्ता रंगात येऊन डोलतोय. भीती शेवटच्या शब्दापर्यंत होती. अजूनही आहे. लुसिया म्हणते, हे दुखणं कायमचं जाणार नाही, व्यायामही कायमचा सोडायचा नाही.

आज घरी पाहुण्यांची वर्दळ संपल्यावर मी खांबाला टेकून बसलो. घसा कोरडा पडला होता. हाक मारली नाही. मासिना आपण होऊन मागे गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला, पूर्वी धरायची तसा. कितीतरी दिवसांनी.

मी पेल्याला हात लावला नाही.

"का?" मी विचारलं. "का आणलंस? लुसिया काही बोलली का? आता काही उपयोग नाही, असं म्हणाली का?"

"नाही हो. आज मला द्यावंसं वाटलं, म्हणून."

तिचे हात बघितले. चटया विणून बोटांना चिरा पडल्या आहेत. मला रडू आलं, आणि ते तिला दिसलं.

"मासिना," मी म्हटलं, "परत ठेवून ये. होतं तिथेच."

ती गेली. मी खांब न धरता उठलो आणि तिच्या मागे पायऱ्या उतरलो.